एपीसी जनुक, आतड्यातल्या मूलपेशी आणि कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ‘एपीसी’ ही अक्षरे दिसली की लोक प्रश्न पाठवतात. काही विद्यार्थी असतात, पण बरेचसे रुग्ण असतात किंवा रुग्णांची मुले. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते इथे एका जागी आणले आहेत. रिपोर्ट हातात घेऊन वाचत असाल तर आधी प्रश्न ७ वाचा. सगळ्यात जास्त झोप उडते ती त्याच गैरसमजाने.

१. एपीसी म्हणजे नक्की काय? प्रत्येक ठिकाणी वेगळाच अर्थ सापडतो.

इथे एपीसी म्हणजे एक जनुक. ‘ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस कोलाय’ या आजाराच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे छोटे कोंब, उगवण्याचा हा आजार आधीपासून माहीत होता, जनुक नंतर सापडले, म्हणून त्यालाच आजाराचे नाव चिकटले. १९८६ मध्ये असा एक रुग्ण आढळला की ज्याच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला होता. तिथून शोधाला दिशा मिळाली आणि १९९१ मध्ये बर्ट व्होगेलस्टीन, युसुके नाकामुरा आणि रे व्हाइट यांच्या प्रयोगशाळांतून हे जनुक हाती लागले. त्यापासून २८४३ अमिनो आम्लांचे एक भलेमोठे प्रथिन तयार होते.

रोगप्रतिकारशास्त्रात एपीसी म्हणजे ‘अँटिजेन प्रेझेंटिंग सेल’, पेशीविभाजनाच्या धड्यात ‘ॲनाफेज प्रमोटिंग कॉम्प्लेक्स’ आणि रक्त गोठण्याच्या तपासणीत ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’. या तिघांचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

२. आतड्यात मूलपेशी कशाला लागतात? त्या तर गर्भात असतात ना?

गर्भातल्या मूलपेशी वेगळ्या. मोठ्या माणसाच्या शरीरातही जिथे झीज जास्त तिथे मूलपेशी असतात, आणि आतड्याच्या अस्तराइतकी झीज क्वचितच कुठे होत असेल. चार-पाच दिवसांत अस्तराच्या जवळजवळ सगळ्या पेशी बदलल्या जातात.

मोठ्या आतड्याच्या अस्तराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की परीक्षानळ्या ओळीने उभ्या केल्यासारख्या खळग्या दिसतात. यांना क्रिप्ट म्हणतात. एका क्रिप्टमध्ये साधारण दोन हजार पेशी. तळाला दाटीवाटीने बसलेल्या पेशींत मोजक्या मूलपेशी. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकू लागतात. वाटेत त्या आणखी काही वेळा विभागतात, मग विभागणे थांबवून कामाला लागतात: काहींच्या पोटात श्लेष्म्याचा पांढुरका फुगा दिसतो, काही पाणी शोषतात. काठाशी पोचलेली पेशी गळून पडते. तळ ते काठ हा प्रवास हेच तिचे आयुष्य.

या मूलपेशी नेमक्या कोणत्या, हे २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटातल्या निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले. त्यांच्यावर एलजीआर-५ नावाचे प्रथिन असते, तीच त्यांची ओळख. दोनच वर्षांत त्याच गटाने अशा एकट्या पेशीपासून पात्रात क्रिप्टसह छोटे आतडे वाढवले. मूलपेशीच्या अंगी काय ताकद असते ते त्या प्रयोगाने जितके पटते तितके कुठल्याही व्याख्येने पटत नाही.

३. विंट संकेत म्हणजे काय?

मूलपेशीला ‘तू मूलपेशीच राहा’ असे सांगणारा रासायनिक निरोप. विंट ही प्रथिने क्रिप्टच्या तळाजवळच्या पेशी सोडतात. ती फार लांब जात नाहीत, म्हणून तळाशी निरोप जोरात ऐकू येतो आणि वर जाऊ तसा विरतो. पेशी तळ सोडते, निरोप थांबतो, पेशी विभागणे सोडून कामाला लागते. मूलपेशीचे मूलपेशीपण असे बरेचसे जागेवर अवलंबून असते.

नावाची गंमतही सांगतो. फळमाशीत ‘विंगलेस’ नावाचे जनुक होते. १९८२ मध्ये रूल नुस आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनातील गाठींत ‘इंट-१’ सापडले. पुढे दोन्ही एकच निघाली आणि दोन नावे जोडून ‘विंट’ झाले. माशीचा पंख घडवणारे जनुक आणि गाठ वाढवणारे जनुक एकच, यातच या विषयाचे मर्म आहे.

४. मग यात एपीसीचं काम काय?

निरोप बंद असताना तो खरोखर बंद ठेवणे.

निरोप केंद्रकापर्यंत नेणारे प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन. पेशी ते सतत तयार करत असते आणि विंट नसेल तर सतत मोडतही असते. मोडण्यासाठी प्रथिनांची एक टोळी असते. एपीसी आणि ॲक्सिन बीटा-कॅटेनिनला धरून ठेवतात. आधी सीके-१ आणि मग जीएसके-३ ही विकरे त्याच्यावर फॉस्फेटच्या खुणा करतात. खुणा झाल्या की त्याला युबिक्विटिनचे लेबल लागते आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतो. विंट येऊन पेशीच्या बाहेरच्या ग्राहकांना, म्हणजे फ्रिझल्ड आणि एलआरपी यांना चिकटले की ही टोळी काम थांबवते. बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात जाते, टीसीएफ गटातल्या प्रथिनाशी जोडी जमवते आणि विभाजनाची जनुके चालू करते. त्यात मिक आहे आणि खुद्द एलजीआर-५ सुद्धा आहे.

एपीसी तुटके असेल तर बीटा-कॅटेनिन नीट मोडले जात नाही. विंट असो वा नसो, निरोप चालूच राहतो. पेशी तळ सोडून वर आली तरी तिच्या केंद्रकाच्या लेखी ती अजून तळाशीच असते. माझ्या मते हे एवढे एक वाक्य मनात पक्के बसले तर पुढचे सगळे त्यातून उलगडते. या कर्करोगाच्या सुरुवातीला पेशी काही नवे शिकत नाही, तिचे जुनेच काम थांबायचे राहून जाते.

एपीसी पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिकांनाही चिकटते आणि पेशीच्या हालचालीत व गुणसूत्रांच्या वाटणीत हातभार लावते. कर्करोगात त्या कामांचा किती वाटा, यावर मतभेद आहेत. बीटा-कॅटेनिनबद्दल मात्र नाहीत.

५. कुठल्याही पेशीत एपीसी बिघडलं तरी गाठ होते का, की मूलपेशीतच बिघडावं लागतं?

प्रश्न अगदी नेमका आहे. २००९ मध्ये उंदरांत हेच तपासले गेले. एपीसी फक्त एलजीआर-५ मूलपेशींतून काढून टाकले तेव्हा काही आठवड्यांत ॲडेनोमा, म्हणजे अजून कर्करोग न झालेल्या गाठी, वाढले. मूलपेशीपण सोडून वर निघालेल्या पेशींतून काढले तेव्हा बारीक गाठी उमटल्या, पण बहुतेक तिथेच अडल्या. मूलपेशी मात्र जागेवर टिकून राहते, आणि तिच्यातली चूक तिच्या सगळ्या वंशात उतरते. याला अपवाद आहे. सूज वाढवणारे एनएफ-कप्पा-बी चे संकेत जोरात चालू असतील तर वर गेलेल्या पेशीही मागे वळून मूलपेशीसारख्या वागू लागतात आणि त्यांच्यापासून गाठ सुरू होऊ शकते, असे उंदरांतल्याच पुढच्या प्रयोगांत दिसले.

मूलपेशीत चूक झाली म्हणजे गाठ ठरलेलीच, असेही नाही. क्रिप्टच्या तळाची जागा मर्यादित असते आणि मूलपेशी एकमेकींना सतत ढकलत असतात. निरोगी आतड्यातही काही काळाने एकाच मूलपेशीचा वंश सगळी क्रिप्ट व्यापतो. एपीसी गमावलेली पेशी या ढकलाढकलीत कधी कधी हरते आणि गळून जाते. पण तिच्याजवळ एक डाव असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले की ती नोटम नावाचे विकर बाहेर सोडते आणि ते विंटला निकामी करते. शेजारच्या निरोगी मूलपेशींना निरोप मिळेनासा होतो, त्या मूलपेशीपण सोडून वर निघून जातात आणि जागा मोकळी होते. तिला स्वतःला काही होत नाही, कारण तिला विंटची गरजच उरलेली नसते.

त्याच अभ्यासांत उंदरांना लिथियम दिल्यावर निरोगी पेशी जागा धरून राहिल्या, कारण लिथियम जीएसके-३ ला अडवते, आणि मग विंट नसतानाही बीटा-कॅटेनिन टिकते (प्रश्न ४). हे वाचून लिथियम घेऊ का, असे विचारणारी पत्रे आली आहेत. कृपया घेऊ नका. ते रक्तातली पातळी मोजत मोजत द्यावे लागणारे औषध आहे आणि हा प्रयोग उंदरांतला आहे.

६. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेत नाही का?

घेते, आणि म्हणूनच एक प्रत बिघडलेली असूनही आतड्याच्या बहुतेक पेशी ठीक चालतात. गाठीसाठी त्याच पेशीतली दुसरी प्रतही जावी लागते. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका कर्करोगाबद्दल मांडलेला ‘दोन आघातां’चा विचार इथे चपखल लागू पडतो. जन्मतः दोन्ही प्रती चांगल्या असतील तर एकाच पेशीत दोन्ही आघात व्हायला सहसा आयुष्याची अनेक दशके जातात. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर पहिला आघात प्रत्येक पेशीत झालेलाच असतो. कोट्यवधी पेशींपैकी शेकडोंना दुसरा बसतो आणि शेकडो पॉलिप दिसतात.

खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी आणखी थोडे. एपीसी प्रथिनावर बीटा-कॅटेनिन धरणारे, प्रत्येकी वीस अमिनो आम्लांचे सात तुकडे ओळीने असतात. मोठ्या आतड्यातल्या गाठींत दोन्ही प्रती पार नाहीशा झालेल्या क्वचित असतात. बहुधा एका प्रतीतून अर्धवट प्रथिन बनत असते आणि त्यात या सातांपैकी एखाददुसरा तुकडा शिल्लक असतो. बीटा-कॅटेनिन बेसुमार वाढले तर तेही पेशीला मानवत नाही. तिला सोयीची अशी एक पातळी असते, आणि दुसरा आघात कुठे बसला म्हणजे गाठ वाढेल हे बरेचसे पहिला आघात कुठे आहे यावर ठरते.

७. बाबांच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये एपीसी म्युटेशन आलंय. म्हणजे आम्हा भावंडांनाही हा कॅन्सर होणार का?

बहुतेक वेळा नाही. आधी एवढेच पाहा: नमुना गाठीचा होता की रक्ताचा अथवा लाळेचा?

आनुवंशिकता नसलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे ८० टक्क्यांत एपीसी बिघडलेले सापडते. म्हणजे गाठीत ते सापडणे हीच नेहमीची गोष्ट आहे. तो बिघाड आतड्यातल्या एका पेशीत, आयुष्याच्या मध्येच कधीतरी झालेला असतो. तो शुक्रपेशींत किंवा बीजांडांत नसतो, म्हणून मुलांकडे जात नाही. रक्तात किंवा लाळेत तोच रोगकारक बदल सापडला तर मात्र तो बहुधा जन्मतः आहे, आणि मग प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी.

रिपोर्टमधली एक नेहमीची ओळ घेऊ: ‘एपीसी, आर्ग १४५०, स्टॉप’. १४५० व्या जागी आर्जिनिन हवे होते. डीएनएमध्ये सीजीए ही तीन अक्षरे होती, त्यातले पहिले बदलून टीजीए झाले आणि टीजीएचा अर्थ ‘इथे थांबा’. २८४३ पैकी जेमतेम अर्धे प्रथिन बनून काम थांबले. गाठींत वारंवार आढळणाऱ्या एपीसी बदलांपैकी हा एक. तो जन्मतः होता की नंतर झाला, हे मात्र या ओळीवरून कळत नाही. शेजारी छापलेल्या टक्केवारीवरूनही तर्क करू नका, कारण गाठीत निरोगी पेशी किती मिसळल्या आहेत त्यावर तो आकडा हलतो.

रक्ताची तपासणी करून घ्यावी का, हे रुग्णाकडे पाहून ठरते. आयुष्यभरात मिळून दहाहून जास्त ॲडेनोमा निघाले असतील, कर्करोग लहान वयात झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला झाला असेल तर जनुक समुपदेशकाला जरूर भेटा. यातले काही नसले तरी कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या भावंडांनी आणि मुलांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने पाहणी, इतरांपेक्षा लवकर सुरू करायची असते. ती का आणि कधी, ते डॉक्टरांना विचारा. त्याचा एपीसीच्या या ओळीशी संबंध नाही.

८. एफएपी म्हणजे काय?

‘फॅमिलिअल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस’: एपीसीची एक प्रत जन्मतः बिघडलेली असण्याचा आजार. साधारण दहा हजार जन्मांत एक. किशोरवयात मोठ्या आतड्यात पॉलिप यायला लागतात आणि त्यांची संख्या शेकड्यांत, कधी हजारांत जाते. प्रत्येक पॉलिप कर्करोग नसतो. त्यासाठी पुढे केरास, टीपी-५३ अशा जनुकांतही बिघाड साचावे लागतात. पण पॉलिपच इतके असतात की उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. याच कारणाने बहुतेकांचे मोठे आतडे तरुण वयात शस्त्रक्रियेने काढतात.

याचा सौम्य प्रकारही आहे. त्यात पॉलिप शंभराच्या आत असतात आणि उशिरा येतात. जनुकाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटाकडे बदल असेल तर बहुधा हे चित्र दिसते. उलट १३०९ व्या जागेजवळचा बदल आजार लवकर आणि तीव्र आणतो.

९. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. मग मलाच कसा आला?

एफएपीच्या सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो. आई-वडिलांचे रक्त स्वच्छ असते. यात कुणाचा दोष नाही, गरोदरपणात कुणी काही खाल्ल्या-केल्याने हे होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अनेक आया हा प्रश्न विचारताना स्वतःलाच अपराधी ठरवून बसलेल्या असतात.

कधी बदल गर्भाच्या वाढीत थोडा उशिरा होतो आणि शरीराच्या काही पेशींतच राहतो. अशा वेळी रक्ताची तपासणी त्याला चुकवू शकते. वेगवेगळ्या पॉलिपमध्ये एकच एपीसी बदल पुन्हा पुन्हा सापडला की हा संशय घ्यायचा.

तिसरी शक्यता म्हणजे दोषी जनुक एपीसी नसून म्युटीवायएच असणे, जे २००२ मध्ये उजेडात आले. हे डीएनए दुरुस्तीचे जनुक आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की दुरुस्ती राहून जाते आणि आतड्यातल्या पेशींत एपीसीच पुढे बिघडत जाते. इथे आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात, म्हणून घराण्यात आजार दिसत नाही. धोका मुलांपेक्षा भावंडांना जास्त असतो, चारांत एक.

१०. मला एफएपी आहे. मुलांची तपासणी कधी करायची?

तुमचा बदल नेमका माहीत असेल तर मुलांची तपासणी सोपी: तोच बदल आहे की नाही एवढेच पाहायचे. सामान्यतः १० ते १२ वर्षांच्या सुमारास ती करतात, कारण आतड्याची दुर्बिणीने पाहणी त्याच वयात सुरू होते. बदल नसेल तर मुलाची त्या पाहण्यांतून कायमची सुटका होते. ही सुटका फार मोलाची आहे, तपासणी टाळणाऱ्या पालकांना मी नेहमी हेच सांगतो.

११. मोठं आतडं काढलं. आता एपीसीचा विषय संपला ना?

मोठ्या आतड्याचा धोका बराच संपला, विषय नाही. बदल प्रत्येक पेशीत आहे. गुदाशय ठेवला असेल तर तिथे, लहान आतड्याची पिशवी केली असेल तर त्या पिशवीत पॉलिप येऊ शकतात. जठराच्या पुढचे लहान आतडे, म्हणजे ड्युओडेनम, विशेषतः पित्तनलिका उघडते ती जागा, तरुणपणापासून ठरावीक काळाने पाहावी लागते. थायरॉइडवरही लक्ष ठेवतात.

डेस्मॉइड हा वेगळाच त्रास. या तंतुमय गाठी दूर पसरत नाहीत, पण पोटात शेजारच्या अवयवांना आवळतात, आणि शस्त्रक्रियेनंतर त्या उद्भवण्याची शक्यता वाढते. १४४४ व्या जागेच्या पुढे बदल असणाऱ्यांत त्या जास्त आढळतात. शस्त्रक्रिया कधी करायची हे ठरवताना सर्जनशी ही गोष्ट उघड बोलून घ्या.

१२. कारण इतकं नेमकं माहीत आहे, तर औषध का नाही?

दोन अडचणी आहेत. पहिली: जे तुटले आहे ते परत आणावे लागते. वाढलेले काम अडवणारे औषध बनवता येते, नसलेले प्रथिन गोळीने भरून काढणे फार कठीण. विंट बाहेर पडूच न देणारी औषधे आहेत, पण एपीसी तुटल्यावर पेशीला विंट लागतच नाही (प्रश्न ४), त्यामुळे ती या गाठींवर चालत नाहीत.

दुसरी अडचण: एपीसीच्या खालच्या टप्प्यावर निरोप तोडला तर निरोगी मूलपेशींचाही तुटतो. उंदरांत टीसीएफ-४ हे जनुक काढून टाकले तेव्हा त्यांच्या लहान आतड्यात मूलपेशींचा साठाच टिकला नाही. ॲक्सिनला टिकवून धरणारी टँकिरेज-रोधक औषधे प्राण्यांत तपासताना आतड्याला इजा होते, ती याच कारणाने.

सुलिंडॅक आणि सेलेकॉक्सिब या सूज कमी करणाऱ्या औषधांनी एफएपीमध्ये पॉलिपची संख्या कमी होते, हे सिद्ध आहे. पण ती पाहणीची किंवा शस्त्रक्रियेची जागा घेत नाहीत.

१३. एपीसी दुरुस्त केलं तर झालेला कर्करोग मागे फिरेल का? स्टेम सेल थेरपीने ते होतं का?

पहिल्याचे उत्तर थक्क करणारे आहे. २०१५ मध्ये ल्यूक डाउ, स्कॉट लो आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांत एपीसी हवे तेव्हा बंद आणि हवे तेव्हा चालू करता येत होते. गाठी वाढू दिल्या, मग एपीसी परत चालू केले. केरास आणि पी-५३ (प्रश्न ८ मधले टीपी-५३) बिघडलेलेच होते, तरी साधारण दोन आठवड्यांत गाठी विरल्या आणि त्या पेशींपासून पुन्हा कामाच्या क्रिप्ट तयार झाल्या. पेशी पुन्हा वर चढू लागल्या, काम करू लागल्या.

माणसाच्या आतड्यातल्या प्रत्येक बिघडलेल्या मूलपेशीपर्यंत पोचून हे करण्याची पद्धत आज उपलब्ध नाही. आणि मूलपेशी टोचून एपीसी दुरुस्त होत नाही. बाहेरून आलेल्या पेशी जुन्या पेशींतले जनुक बदलत नाहीत. असा उपचार कुणी देऊ केला तर पैसे देऊ नका.

१४. माझ्या गाठीत एपीसी चांगलं निघालं. मग विंट संकेताचा संबंध नाही?

तरीही असू शकतो. साखळीची दुसरी कडी तुटलेली असते. बीटा-कॅटेनिनच्या स्वतःच्या जनुकात बदल होऊन फॉस्फेटच्या खुणांची जागाच जाते आणि टोळी शाबूत असूनही ते मोडले जात नाही. किंवा आरएनएफ-४३ बिघडते: विंटचे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून काढून घेणारे हे प्रथिन, ते गेले की ग्राहक वाढतात. विंटचा निरोप वाढवणाऱ्या आरस्पॉन्डिन या प्रथिनांची जनुके दुसऱ्या जनुकांना जोडली जाऊनही तेच घडते. शेवटच्या दोन प्रकारांत पेशीला विंट अजून लागते, म्हणून प्रश्न १२ मध्ये निरुपयोगी ठरलेली औषधे इथे उपयोगी पडतील का, याच्या चाचण्या झाल्या आहेत.

१५. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलंय. काय समजायचं?

अक्षर बदललेले आहे, पण त्याने प्रथिन बिघडते असा पुरावा नाही. एपीसीचे बहुतेक रोगकारक बदल प्रथिन मध्येच तोडणारे असतात. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले तर ते अनेकदा निरुपद्रवी ठरते. अशा रिपोर्टवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत आणि नातेवाइकांना त्या आधारे ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगत नाहीत. एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारा, वर्गीकरण बदललेले असू शकते.

१६. ‘आय १३०७ के’ हा बदल आलाय. हा एफएपी आहे का?

नाही. पूर्व युरोपीय मूळ असलेल्या अश्केनाझी ज्यूंत सुमारे ६ टक्के लोकांत हा आढळतो आणि त्याने शेकडो पॉलिप येत नाहीत. १९९७ मध्ये त्याची उकल झाली. मूळ डीएनएमध्ये तीन ‘ए’, मग एक ‘टी’, मग चार ‘ए’ अशी अक्षरे असतात. टीचा ए झाला की सलग आठ ‘ए’ होतात. प्रथिन त्याने फारसे बिघडत नाही. पण पेशी डीएनएची नक्कल करताना एकसारख्या अक्षरांच्या लांब ओळीवर घसरते, एखादे अक्षर जास्त किंवा कमी पडते आणि तिथून पुढचे प्रथिन तुटते. म्हणजे हा बदल स्वतः आघात नाही, पुढचा आघात सोपा करणारी जागा आहे. धोका थोडासाच वाढतो, म्हणून या लोकांना एफएपीची शस्त्रक्रिया सुचवत नाहीत. कोलोनोस्कोपी नेहमीपेक्षा थोडी लवकर आणि ठरावीक अंतराने करतात.